फुकट धान्य आणि वारशाने येणारा आळस : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सुगी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : रेशनवर धान्य फुकट, खात्यात दरमहा दीड हजार रुपये, मग कामाला येणार कोण? बाप पारावर बसलेला पोरगं बघतं, उद्या तेही पारावरच बसतं, आणि अख्खी पिढी ऐतखाऊ होते. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझे काही नातेवाईकही आहेत, आणि सोयाबीन काढणीला मजूर मिळत नाहीत ही त्यांची तक्रार खोटी नाही. तिचे जे कारण ते सांगतात, ते मात्र टिकत नाही.

आधी हे ‘फुकट’ किती, ते मोजू. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याच्या एका वेळच्या भाकरी त्यात कशाबशा होतात. तेल, मिरची, दवाखाना, पोरांच्या वह्या हे सगळे बाहेरच राहते. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार म्हणजे दिवसाला ५० रुपये, आणि ते जमा होतात बाईच्या खात्यात; संदेशातला पारावरचा बाप त्यात कुठून आला, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरे म्हणजे, मदतीने आळस वाढतो असे म्हणायचे तर काम केल्यास मदत बंद होते अशी काही अट असावी लागते. आठवडाभर मजुरीला गेले म्हणून कोणाच्या रेशनमधला एक किलोही कापला जात नाही. रोजगार हमीत तर काम केल्याखेरीज मजुरीच नाही : १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रुजलेली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने हक्क ठरलेली ही योजना खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या माणसांच्या जोरावर चालली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील रोख मदतीच्या सात योजनांचे प्रयोग तपासले, तेव्हा अशा मदतीमुळे लोक काम कमी करतात याचा पद्धतशीर पुरावा त्यांना मिळाला नाही. सोयाबीनला मजूर कमी पडतात, कारण सगळ्यांचे पीक एकाच पंधरवड्यात काढणीला येते आणि गावातली तरुण पोरे चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गेलेली असतात.

आता वारशाचा मुद्दा. तो सरसकट उडवून लावता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नॉर्वेमध्ये अपंगत्वाचा भत्ता नाकारला गेल्यावर अपील करणाऱ्यांची प्रकरणे योगायोगाने वेगवेगळ्या न्यायाधीशांकडे जात, काही सैल हाताचे, काही कडक. अर्थतज्ज्ञ गॉर्डन डाल व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की ज्यांच्या आईवडिलांना भत्ता मिळाला, त्यांच्या मुलांनी पुढे तो घेण्याचे प्रमाण वाढले. पण तो भत्ता काम सुटल्याच्या बदल्यात, आणि जगता येईल एवढा मिळतो. त्यावरून पाच किलो तांदूळ-गव्हाचा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीच्या मापाने तांब्या मोजणे होय. ब्रिटनमध्ये ‘तीन पिढ्यांत कोणी कधी काम केले नाही’ अशा घरांच्या कहाण्या राजकारणी सर्रास सांगत. जोसेफ राउंट्री फाउंडेशन या तिथल्या संस्थेसाठी संशोधकांनी ग्लासगो आणि मिडल्सब्रो येथील अत्यंत गरीब वस्त्यांत अशी घरे शोधली. २०१२ च्या त्यांच्या अहवालानुसार त्यांना एकही सापडले नाही, आणि दीर्घकाळ बेकार असलेल्या आईबापांनी, आपल्या वाट्याला आले ते पोरांच्या वाट्याला येऊ नये, हेच पुन्हा पुन्हा सांगितले. अमेरिकेत १९११ नंतर गरीब मातांना रोख भत्ता देण्याच्या योजना आल्या. ज्यांचे अर्ज मंजूर झाले त्या मातांचे मुलगे, नामंजूर झालेल्यांच्या मुलांपेक्षा, अधिक शिकले, तरुणपणी अधिक कमावते झाले आणि सुमारे एक वर्ष अधिक जगले.

आईबापांकडून मुलांकडे काय जाते, ते पाहायचे तर पारापेक्षा उसाच्या फडात जावे. दिवाळी झाली की बीडकडची कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा माणूस म्हणजे अर्धा. रेशनकार्ड यांच्याकडेही असते, तरी उजाडायच्या आत ती थंडीत ऊस तोडत असतात. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी पाचटावर धाकट्या भावाला सांभाळते, त्याला झोप लागली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते. हंगाम संपवून गाव गाठेपर्यंत शाळेचे वर्ष सरत आलेले असते, पुढच्या एखाद्या वर्षी ती शाळेत जाणेच थांबवते, लग्न लवकर उरकले जाते, आणि मुकादमाच्या वहीत आणखी एक कोयता चढतो.