नेपियरमधील 18 टक्के प्रथिनांचा हिशेब

पशुपालकांमध्ये हातोहात फिरणारा एक मजकूर असा: 'संकरित नेपियरचे बी एकदा टाका, दहा वर्षे खताशिवाय कापा, 18 टक्के प्रथिने असल्याने पेंड बंद करा, आणि गवत जितके उंच तितका चारा चांगला.' बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून आलेले हे गवत उत्तमच आहे. आक्षेप या मजकुरावर आहे.

प्रथम प्रथिने. कोवळ्या, भरपूर नत्र दिलेल्या पानांत 18 टक्क्यांच्या जवळ जाणारा आकडा क्वचित दिसेलही. पण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पानाखोडासकट कापलेल्या चाऱ्यात तो सर्वसाधारणपणे 8 ते 10 टक्के असतो, आणि तोही शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागावर. हिरव्या चाऱ्यात पाणीच 80 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे 20 किलोच्या भाऱ्यात शुष्क पदार्थ सुमारे 4 किलो आणि 9 टक्क्यांनी प्रथिने 360 ग्रॅम. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईची गरज सव्वा किलोच्या आसपास असते, तेव्हा पेंड बंद केल्यावर ही तूट कोठून भरायची, याचे उत्तर मजकुरात नाही. शिवाय प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणते, त्यामुळे प्रथिन नसलेले नत्रही त्याच आकड्यात मोजले जाते.

प्रथिने वाढावीत म्हणून गवत फारच कोवळे कापावे, तर ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य वाढते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून सोबत सुका चारा, द्विदल चारा आणि खनिज मिश्रण हवे.

खताविना दहा वर्षे हा दावा तर त्याच आकड्यांनी कोसळतो. 9 टक्के प्रथिनांच्या प्रत्येक टन शुष्क चाऱ्याबरोबर जमिनीतून सुमारे 14 किलो नत्र निघून जाते, आणि ते परत दिले नाही, तर ठोंबांचे फुटवे कापणीगणिक बारीक होत जातात.

उंचीबद्दल फार लिहायला नको. तीन महिन्यांचे खोड कुट्टी न करता टाकून पाहावे: पाने संपतात, टणक कांड्या गव्हाणीत उरतात.

राहिले बी. बाजरीची गुणसूत्रे 14, नेपियरची 28, त्यामुळे संकराला दोघांची निम्मी-निम्मी मिळून 21 येतात आणि तो वांझ ठरतो. लागवड दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनी किंवा ठोंबांनीच होते. पाकिटातून जे उगवेल, ते हे गवत नसेल.