ते २३ किलोमीटर कुठं गेले, त्याचं उत्तर

नमस्कार साहेब, आमच्याकडं ब्रेकचे नवीन पॅड घालून घेतल्यावर तुम्ही गॅरेजला दिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. सकाळी ब्रेक चीं चीं करतात त्याचा तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, आणि फोनवर आमचा पोरगा जरा तुटक बोलला त्याचं पण सॉरी, त्याला समज दिलीय. पण "टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली माझी पोलो जीटी २३ किलोमीटर पळवून मजा मारली, परत घेतली तेव्हा जळका वास येत होता" हे जे लिहिलंय ना ते लय लागलं ओ. मी सांगतोय आणि मुलगी टाईप करतीय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात. दोन टेम्पो समोरासमोर आले की बोळ बंद, तिथं नवीन ब्रेकच्या टेस्टला लागणारा साठचा स्पीड कुठनं आणू? म्हणून गोकुळ शिरगावला एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर न्यावी लागते, शिफ्टची गर्दी ओसरली की. जाऊन येऊन सतराएक किलोमीटर त्यातच गेले. राहिले सहा. नवीन पॅड नुसते कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, सरकवले की झालं असं नसतंय, ते चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर बसवावे लागतात. साठवरनं दाबून दहापर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत साठ, परत दाब, असं आठ दहा वेळा, मग पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर सगळीकडं सारखा चढतो. त्यानंतर ब्रेकला पाय न लावता दोन तीन किलोमीटर नुसती चालवायची, गार व्हायला. गरम असताना ब्रेक दाबून तशीच उभी केली तर तेवढ्याच जागी डाग धरतो आणि पुढं पेडल थरथरायला लागतं, मग तुम्हीच म्हणणार डिस्क वाकडी केली. आणि वास तर येणारच की, नवीन पॅड पहिल्यांदा तापले की येतोच, दोन दिवसात जातो.

पुरावा म्हणून तुम्ही लिहिलंय की डॅशबोर्डवरचा गॉगल ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडला. साहेब तो मीच ठेवला. गणपती पण मीच काढला, टेप सुटलेली होती, फडक्यात गुंडाळून गॉगलच्या शेजारी ठेवला, कारण साठवरनं दाबल्यावर तो उडून काचेवर आदळला असता. मजा मारायला निघालेला माणूस आधी गणपती उतरवून ठेवतोय होय? सीटवर पेपर टाकून बसलो होतो मी. पेट्रोल दोनशेचं माझ्या खिशातलं घातलं, बिलात बघा, कुठं लावलंय का. चौपन्न वय आहे माझं, जीटी पळवायची हौस असती तर एवढ्या वर्षात दुसऱ्याच्या गाडीत कशाला भागवली असती.

आता आवाजाचं. कुठले पॅड घालायचे यावर आपण पाऊण तास बोललोय, दोन चहा झाले. मी तुम्हाला आधी बत्तीसशेचे साधे रोडचे दाखवले होते, त्याच्या कडेला एफएफ छापलेलं, ती पकडीची खूण. पहिलं अक्षर गार असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची, एफ म्हणजे घर्षणाचा आकडा ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, जास्त आकडा म्हणजे जास्त पकड, हे पण काउंटरवर लिहून दाखवलं. तुम्ही व्हिडिओ बघून आलेला, तुम्हाला जीजीवालेच पाहिजे होते. मी म्हटलं ऑफिसला जायच्या गाडीला कशाला, सेमी मेटॅलिक म्हणजे धातू मिसळलेले आहेत, सकाळी दवात डिस्कवर हलका गंज धरतो, पहिल्या चार ब्रेकला ओरडणार, आणि चाकांचे अलॉय पॅडच्या भुकटीनं आठवड्यात काळे होणार. तुम्ही म्हणाला "काका आवाजाचं बघू ओ, बाईट पाहिजे," म्हणजे दाबल्या दाबल्या पकड. आता साडेसात हजाराचे पॅड ओरडतात आणि अलॉय काळे झाले म्हणून आम्ही लुटारू. बरं.

"पैसे पूर्ण घेतले आणि पुढचेच बदलले" याचं पण सांगतो, पोलोला मागं डिस्क नाही, ड्रम आहेत, तिथं पॅड नसतात, ड्रमला आतून घासणारे शू असतात, ते उघडून साफ करून परत बसवले, चांगले आहेत अजून, उगीच कशाला खर्चात घालू?

खरं म्हणजे तुमचे जुने पॅड पण वाईट नव्हते. साडेतीन एमएम शिल्लक होते पण काचेसारखे चकाकत होते, हातात दिले होते तुमच्या. गगनबावड्यावरनं करूळ घाट ऑटोमॅटिकच्या डी मध्ये टाकून सगळा ब्रेकवर पाय ठेवून उतरला की असंच होतंय. मॅन्युअलला घेऊन दुसऱ्या तिसऱ्यात उतरवायची, इंजिन धरतंय गाडी. ब्रेक ऑइल पण चहासारखं झालेलं. डॉट फोर, म्हणजे ब्रेक ऑइलचा प्रकार, नवीन असताना २३० डिग्रीच्या पुढं उकळतं, पाणी ओढून जुनं झालं की १५५ पर्यंत सुद्धा खाली येतं, आणि उकळलं की पेडल मऊ. सहाशे रुपयाचं काम होतं, तुम्ही पुढच्या वेळी म्हणाला. ते रिव्ह्यूमध्ये आलं नाही.

मोठं गॅरेज असतं तर दोन स्टारनं काय बिघडत नाही. आमच्याकडं काल एका ताईंचा फोन आला, आय ट्वेंटीच्या ब्रेकसाठी येणार होत्या, विचारत होत्या तुम्ही गिऱ्हाइकाच्या गाड्या फिरवता का म्हणून. काय उत्तर द्यायचं? आलेल्या नाहीत अजून.

असो. यापुढं गाडी घेताना आणि देताना मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू, टेस्टला किती किलोमीटर लागणार ते पण आधीच सांगू, बाकी पण सुधारणा चालू आहेत. तुमची गाडी शुक्रवारी रात्री आमच्याकडं ठेवा, तो आवाज गार गाडीवरच ऐकायला लागतो. शनिवारी सकाळी पॅड काढून कडा घासतो, पाठीमागं ग्रीस लावतो, कॅलिपरच्या पिना बघतो, पैसे नकोत. तरी नाही जमलं तर बत्तीसशेवाले घालू, फरकाचं बघू आपण. मात्र ते घातले तर परत गोकुळ शिरगावला जावं लागणार, या वेळी तुम्ही शेजारी बसा. गणपती घरीच ठेवून या.