जहाजाची ‘लाकडी बाई’ आणि गड्डा जत्रेत मिळणारा पुतळा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जुन्या जहाजांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, कायम बाईचाच पुतळा असायचा. तो अखंड सागवानी ओंडक्यातून कोरायचे. आणि बाजारात मिळणाऱ्या वीतभर प्रतिकृती बुडालेल्या जहाजांच्या लाकडाच्या असतात. मी पंधरा वर्षं लाकूड कोरतोय, गप्प बसवेना.

‘कायम बाई’ हे आधी बघू. बाया होत्याच. १८६९च्या ‘कटी सार्क’ या ब्रिटिश जहाजावर नॅनी नावाची चेटकीण आहे, हातात घोडीचं शेपूट धरलेली. पण १६२८ साली बुडालेल्या स्वीडनच्या ‘वासा’वर झेपावणारा सिंह होता. ‘व्हिक्टरी’वर १८०३च्या दुरुस्तीनंतर राजचिन्ह बसवलं, दोन्ही बाजूंना पंखवाली बाळं. आणि आपल्या मुंबईच्या गोदीत १८१९ साली बांधलेल्या ‘सेरिंगपटम’वर काय होतं? अजस्र पक्ष्यावर बसलेला, छत्री धरलेला पगडीवाला पुरुष! तो टिपू सुलतान असावा असं मानतात. आज तो लंडनमध्ये ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. आपल्या गोदीतलं हे जहाज मेसेजवाल्यांना माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अखंड सागवानाचं म्हणाल, तर मोठे पुतळे ठोकळे जोडूनच करत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी पाइन फार वापरलं गेलं, कारण नाळेवर जितकं कमी वजन तितकं बरं.

आता प्रतिकृती. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, एका स्टॉलवरून शेजारच्या काकूंनी ‘जहाजाच्या लाकडाची’ नॅनी आणली. मी ती उलटी केली. कानामागून खांद्यापर्यंत साच्याच्या जोडाची बारीक रेघ, बुडाला टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे. लाकडाचे रेषे उभे कोरलेत, पण डोक्याच्या माथ्यावर, जिथे ते तुटलेले दिसायला हवेत, तिथेही तशाच उभ्या रेघा. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर जाऊन आणखी दोन पाहिल्या. तिघींच्या डाव्या गालावर तीच चीर, तेवढीच लांब. लाकूड असं तडकत नाही, साचा तसं करतो. ते रेझिन होतं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं प्लास्टिकसारखं.

रेझिनची वस्तू रेझिन म्हणून विकली तर माझी काही तक्रार नाही. पण तिला जहाजाचं लाकूड म्हटलं की महिनाभर पटाशी चालवून केलेल्या कामाला गिऱ्हाईक विचारतं, “एवढे कशाचे?”

काकूंसाठी मी शिवणीच्या लाकडात नॅनी कोरायला घेतली आहे. चेहरा झाला, शेपटाचे केस राहिलेत.