फिट आली की कांदा नको, डॉक्टरांनी दिलेला स्प्रे द्या

"फिट आली तर कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, नाकात स्प्रे मारू नका, औषध फुप्फुसात जाऊन जीव गुदमरतो," असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. फिट येणारं लेकरू ज्यांच्या घरात आहे, ते असलं वाचून स्प्रे कपाटातच ठेवतात, म्हणून लिहितेय.

कांद्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मात्र खरंच काम करतो. नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बारीक फवारा तिथेच शोषला जातो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. दातखीळ बसलेली असताना गोळी कशी देणार?

औषधाने गुंगी येते, क्वचित श्वास मंदावतो, हे खरं. म्हणूनच डोस वजन बघून डॉक्टर ठरवतात. फिट ५ मिनिटांवर गेली, की त्यांनी सांगितलेले फवारे दोन्ही नाकपुड्यांत विभागून द्या, कुशीवर वळवा, श्वासावर नजर ठेवा आणि १०८ ला फोन करा. तोंडात चमचा किंवा पाणी अजिबात घालू नका.