पाण्याच्या दिवशीची शाळा

अक्काचा फोन मधल्या सुट्टीत आला. मागे पोरांचा गलका, ताटांचा आवाज. "तू तिकडं शाळेच्या कमिटीवर आहेस न्हवं? मग मला एवढं लिहून दे की." कुठल्याशा प्रशिक्षणाचा ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात एक रकाना: 'शैक्षणिक नेतृत्वाविषयी आपले तत्त्वज्ञान व उद्दिष्ट, २०० शब्दांत.' अक्का सोलापूरच्या पूर्व भागात महापालिकेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून प्रभारी मुख्याध्यापिका आहे. प्रभारी म्हणजे चौथीचा वर्गही तिचाच आणि ऑफिसची किल्लीही तिच्याच पर्समध्ये.

मी इथं लेस्टरमध्ये मुलीच्या प्राथमिक शाळेवर पालकांतून निवडून गेलेला गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कमिटीचा सदस्य, आहे. काम बिनपगारी, पण मुख्याध्यापक नेमायच्या मुलाखतीला आम्ही बसतो. गेल्या वर्षी चार उमेदवार आले. चौघांनाही अक्काच्या रकान्यातलाच प्रश्न होता, आणि उत्तरं इतकी गुळगुळीत की नावं झाकली तर कुणाचं कुठलं ते ओळखू येऊ नये. प्रत्येक मूल केंद्रस्थानी, वगैरे. मग आमच्यातल्या एका निवृत्त बसड्रायव्हर आजोबांनी विचारलं, "यापायी तुम्ही शेवटचं 'नाही' कुणाला म्हणालात?" तिघं अडखळले. चौथीनं सांगितलं, की मे महिन्यातल्या सॅट्स परीक्षेच्या तयारीसाठी सहावीतल्या कच्च्या मुलांना खेळाच्या आणि संगीताच्या तासातून उठवायला तिनं नकार दिला होता. निकाल थोडा घसरला, बोलणी खावी लागली. आम्ही तिलाच घेतलं.

म्हणून इंग्लंडचे गोडवे गायचं कारण नाही. इथं सरकारी तपासणी अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा देऊन मोकळी व्हायची. जानेवारी २०२३ मध्ये अशा तपासणीनंतर रेडिंगच्या बाजूच्या एका मुख्याध्यापिकेनं जीव दिला. त्याला तपासणीचाही हातभार लागला, असं मृत्यूच्या चौकशीत नोंदलं गेलं. तेव्हा कुठे सप्टेंबर २०२४ पासून तो एका शब्दाचा शेरा बंद झाला. तत्त्वज्ञान विचारायचं पानभर आणि मोजायचं एका शब्दात, हे इथलंच.

आपल्याकडे मात्र मुख्याध्यापक नेमताना ते विचारतच नाहीत. अक्काच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद आहे तो मुख्याध्यापक कोण व्हावं याचा. खासगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीपासून सेवाज्येष्ठता चालत आलेली. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची, आणि बढती हवी असेल तर टीईटी लागणारच. एक पार्टी म्हणते पंचवीस वर्षं खडू झिजवला त्याचं काय, दुसरी म्हणते गुणवत्ता नको का. दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण त्या खुर्चीत बसून करायचं काय, यावर एवढ्या मेसेजांत एक ओळ नाही.

आणि खुर्ची तरी कुठे आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. अक्काचा पट ११८. म्हणजे तेहतीस पोरं कमी पडली म्हणून शाळेचा विचार करायला माणूस नाही. यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे फॉर्म, 'आजच माहिती पाठवा' हे सगळं चौथीच्या गणितातून वेळ काढून. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये, असं तोच कायदा सांगतो. तरी निवडणुकीच्या नावानं बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांच्या कामाची, पिशवी येतेच.

ग्रुपवर कुणीतरी लगेच डिसले गुरुजींचं उदाहरण देतं. आपल्याच जिल्ह्यातली परितेवाडी, जिल्हा परिषदेची शाळा. २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ, आणि त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकलेली. 'करणारा करतोच!' मला हे वाक्य ऐकलं की चिडच येते. असे हिरे निघतात म्हणून बाकी शाळा वाऱ्यावर सोडायच्या का?

तर फॉर्म. मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि मुलाखतीतल्या त्या तिघांसारखंच गुळगुळीत काहीतरी निघालं. शेवटी तिलाच विचारलं, आजोबांचाच प्रश्न. ती म्हणाली, "मी कुणाला काय नाही म्हणणार रे, मी प्रभारी." मग सहज पाण्याचं बोलली.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. तिच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळतात. सकाळी माल द्यायला कारखान्यात जातात, आणि नेमकं तेव्हा पाणी आलं तर घागरी भरायला थोरली मुलगी घरी थांबते. अक्कानं हजेरीपट मागं मागं चाळला तर गैरहजेरी दर चार-पाच दिवसांनी, त्याच मुलींची. तिनं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर मिळवला. आता पाण्याच्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी गणिताचा नवा धडा होत नाही. उजळणी, वाचन, गाणी. अकराऐवजी साडेबाराला ओल्या परकरानं आलेल्या पोरीला दारात कुणी विचारत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'वेळापत्रकाप्रमाणे तास नाही' असा शेरा लिहिला. अक्कानं त्याखाली सही केली आणि वेळापत्रक तसंच ठेवलं.

"अगं, हेच लिही," मी म्हणालो. मीच सात-आठ ओळींत लिहून पाठवलं: चावीवाला, उजळणी, उशिरा येणाऱ्या मुली. त्यात तेवढे २०० शब्दही नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं भरलेल्या फॉर्मचा फोटो आला. पाण्याच्या ओळी गायब. त्या जागी 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास हेच माझे ध्येय.' खाली मेसेज: "तुझं चांगलं होतं, पण साहेब म्हणतील, शाळेच्या फॉर्ममध्ये नळाचं कशाला."