लीजवरचं स्वातंत्र्य आणि मेलेल्या राणीची पेन्शन

भाची नववीत आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत. १५ ऑगस्टच्या भाषणाचं पान तिनं मला वाचायला दिलं. दुसऱ्याच ओळीत होतं, "आपला देश अजून स्वतंत्र झालेला नाही, तो ९९ वर्षांच्या लीजवर आहे." कुठून आणलंस विचारलं तर म्हणाली, "आजोबांनी ग्रुपवर टाकलंय की, मामा." आजोबा म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना तोंडावर काही बोलायची सोय नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो मजकूर पोचलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. १९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नाही, गुप्त करारानं फक्त सत्तेचं हस्तांतर झालं. २०४६ ला लीज संपली की देश परत ब्रिटनच्या राणीकडे. राज्यघटनेची ३६६, ३७१, ३७२ आणि ३९५ ही कलमं बदलायचा अधिकार आपल्या संसदेला नाही. राणीला भारत दरवर्षी दहा अब्ज रुपये पेन्शन देतो. तिला इथं यायला व्हिसा लागत नाही. आपण कॉमनवेल्थमध्ये आहोत, म्हणजे गुलाम आहोत. 'जन गण मन' पंचम जॉर्जसाठी लिहिलंय. शेवटी "खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा".

राणी ८ सप्टेंबर २०२२ ला वारली. फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान तेवढी दुरुस्ती तरी करायची होती.

आधी लीज. १८ जुलै १९४७ ला संमती मिळालेला भारतीय स्वातंत्र्य कायदा वीस कलमांचा आहे, एका दुपारी वाचून होतो. त्यात ९९ हा आकडा नाही, देश परत करायची अट नाही. सहावं कलम तर उलटंच सांगतं. नव्या देशांची विधिमंडळं हवे ते कायदे करतील, इंग्लंडच्या कायद्याशी जुळत नाहीत म्हणून ते रद्द ठरणार नाहीत, आणि खुद्द हा स्वातंत्र्य कायदाही ती मोडीत काढू शकतील. सातव्या कलमात ब्रिटिश सरकारची इथल्या कारभाराची जबाबदारी संपल्याचं लिहिलंय, आणि 'हिंदुस्थानचा बादशहा' ही पदवी वगळायलाही तिथंच मान्यता आहे. सहाव्या जॉर्जनं ती २२ जून १९४८ ला सोडली. घर भाड्यानं देणारा मालक दारावरची आपल्या नावाची पाटी स्वतः उतरवून नेतो काय? आणि गुप्त करार म्हणाल, तर सत्तांतराची कागदपत्रं ब्रिटिश सरकारनंच १९७० ते १९८३ या काळात बारा खंडांत छापली.

९९ हा आकडा आला असेल तर हाँगकाँगवरून. तिथला उत्तरेकडचा मोठा मुलूख १८९८ ला ९९ वर्षांच्या लीजवर गेला आणि १९९७ ला परत आला. फक्त तिथं मालक चीन होता आणि भाडेकरू ब्रिटन.

आता त्या चार कुलूपबंद कलमांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. आकडे दिले की माणसाला वाटतं, कुणीतरी अभ्यास करून लिहिलंय. मुख्याध्यापकांनाही तसंच वाटलं असणार. पण त्या आकड्यांपुढचं वाक्य काय आहे हे कुणी उघडून बघत नाही.

कलम ३९५ हे राज्यघटनेचं शेवटचं कलम आहे, एका वाक्याचं. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द करण्यात येत आहेत, असं ते सांगतं. म्हणजे ब्रिटिश संसदेनं केलेला जो कायदा या लीजचा कागद असल्याचं सांगतात, तोच आपण २६ जानेवारी १९५० ला आपल्या हातानं रद्द केलाय. गुलामीचा पुरावा म्हणून जे कलम दाखवतात, त्याच कलमानं तो व्यवहार संपवलाय! मला वाटतं, ज्यानं हा मजकूर पहिल्यांदा लिहिला त्यानं राज्यघटनेचं शेवटचं पान तेवढं चाळलं असावं, वाचलं मात्र नसावं.

३७२ वर मात्र थोडं मान्य करावं लागेल. ब्रिटिश काळातले कायदे पुढं चालू राहतील असं ते म्हणतं. पण कुठवर? सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, हे त्याच वाक्यात आहे. १८६० चं इंडियन पीनल कोड १ जुलै २०२४ पासून गेलं, भारतीय न्याय संहिता आली. बेळगावच्या कोर्टात वकील अजून जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी ठेवून बघत असतील, पण लंडनची परवानगी घ्यायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. ३६६ ही व्याख्यांची यादी आहे, जीएसटीची व्याख्या २०१६ ला त्यातच घातली. ३७१ चं तर कर्नाटकात राहणाऱ्याला सांगायलाच नको. नोकरभरतीच्या प्रत्येक जाहिरातीत ३७१ (जे) म्हणून कलबुर्गी, बीदर, रायचूर भागाच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. ते कलम २०१२ च्या घटनादुरुस्तीनं आलं. त्या जागा बघून आपली पोरं हळहळतात आणि घरी येऊन "३७१ बदलता येत नाही" हे पुढं पाठवतात.

याहून जवळचा दाखला हवा तर सातवी घटनादुरुस्ती घ्या. ती लागू झाली १ नोव्हेंबर १९५६ ला. ही तारीख काय आहे, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला विचारू नका; बेळगाव-खानापूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तो हा दिवस. त्या दुरुस्तीनं ३७१ पूर्ण नव्यानं लिहिलं, ३७२ च्या मागं ३७२ (अ) जोडलं, ३६६ मध्ये बदल केले. चारातली तीन कलमं एका दिवसात, तीही आपल्या काळ्या दिनी.

आणि याच दुरुस्तीनं ३५० (अ) आणि ३५० (ब) आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, आणि त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला राष्ट्रपतींनी खास अधिकारी नेमावा, अशी ती कलमं. आपण मराठीतून कागदपत्रं मागतो, मराठी शाळा टिकवायला निवेदनं देतो, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे गाऱ्हाणं नेतो, ते याच आधारावर. महाराष्ट्रानं २००४ ला सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला, तो कलम १३१ खाली. राज्यांच्या सीमा बदलायचा संसदेचा अधिकार कलम ३ मध्ये आहे. दावा इतकी वर्षं लोंबकळतोय, त्याबद्दल कितीही चिडा, मीही चिडतो. पण तारीख दिल्लीत पडते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलं १९४९ च्या ऑक्टोबरमध्येच बंद झाली.

म्हणून मला या मजकुरातल्या राणीपेक्षा त्यामागच्या सुराची भीती वाटते. स्वातंत्र्य खोटं, मग राज्यघटना खोटी, मग कोर्ट खोटं. हे मुंबई-पुण्यात बसून कुणी बरळला तर त्याचं फारसं काही जात नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या त्या चार ओळींशिवाय हातात दुसरं आहे काय? बहिणीचे सासरे दर १ नोव्हेंबरला निषेध फेरीत चालतात. घोषणा घटनात्मक हक्कांच्या असतात. तेच आजोबा ग्रुपवर सांगतात, घटना म्हणजे ब्रिटिशांचा कागद. एक काहीतरी ठरवा की!

पेन्शनकडे येतो. अर्थसंकल्प संसदेत मंजूर होतो, राणीच्या किंवा आता राजाच्या पेन्शनचं खातं त्यात नाही. उलट १९४७ ला ब्रिटनच भारताचं देणं लागत होतं, शंभर कोटी पौंडांहून जास्त. दुसऱ्या महायुद्धात इथून माल गेला, माणसं गेली, त्याचं ते बिल. आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या मराठा सेंटरच्या रेजिमेंटचे जवान इटलीत लढले, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना तर मरणोत्तर. अर्धसत्य एवढंच, की जाणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनीची तरतूद १९४८ च्या समझोत्यात त्या येण्यातूनच एकरकमी केली गेली. तीही अधिकाऱ्यांसाठी, राजासाठी नव्हे. स्वतंत्र भारतानं राजांना तनखे दिले ते आपल्याच संस्थानिकांना. बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात होतं हे जुन्या माणसांना आठवत असेल, तसल्या संस्थानांचे तनखे. तेही १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं बंद झाले.

व्हिसा. ब्रिटनच्या राजाला पासपोर्टच नसतो, कारण तिथले पासपोर्ट त्याच्याच नावानं निघतात. हे जगभर आहे, फक्त भारतासाठी नाही. राणी इथं १९६१, १९८३ आणि १९९७ ला आली ती सरकारच्या निमंत्रणावरून, घरमालकीण म्हणून भाडं वसूल करायला नव्हे. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यात भारतीयांना 'ब्रिटिश प्रजाजन' म्हटलं होतं, हेही मजकुराच्या लांब आवृत्तीत असतं आणि ते खरं आहे. पण तो त्यांच्या देशातला त्यांचा कायदा, त्याचा उपयोग आपल्या लोकांना १९६२ पर्यंत तिकडं विनाअडथळा जायला झाला. आज आपल्या पोरांना शिकायला जायचं तर व्हिसाची फी भरून महिना महिना वाट बघावी लागते. मालकाच्या घरी जायला ज्याला व्हिसा लागतो असा गुलाम मी तरी पाहिला नाही.

कॉमनवेल्थवर वेळ घालवत नाही. त्यात मोझांबिक आहे, जिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. रवांडा तर आधी जर्मनांकडे आणि मग बेल्जियमकडे. दोघं आपण होऊन सामील झाले. आयर्लंड १९४९ ला बाहेर पडलं, कुणी अडवलं नाही. राजदूताऐवजी 'उच्चायुक्त' असतो म्हणे. पाकिस्तानचाही दिल्लीत उच्चायोगच आहे.

'जन गण मन' बद्दल खुद्द रवींद्रनाथांनी १९३७ ला पत्र लिहून खुलासा केलाय. पुढं.

आता जे खरोखर कबूल करायला हवं ते. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत डोमिनियन होता आणि कागदावर राजा सहावा जॉर्जच होता, गव्हर्नर जनरल त्याच्या नावानं बसायचा. शेवटचे राजाजी. एप्रिल १९४९ ला लंडनच्या बैठकीत ठरलं, की भारत प्रजासत्ताक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहील आणि राजाला त्या संघटनेचा प्रमुख, एक प्रतीक म्हणून मानेल. नेहरूंवर तेव्हाही यासाठी टीका झाली, ती करायला जागा होती. मलाही तो निर्णय फार आवडतो असं नाही. पण प्रतीक मानणं आणि देश गहाण टाकणं यात फरक आहे.

२०२२ मध्ये राणीसाठी ११ सप्टेंबरला देशात एक दिवसाचा दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर होते, हेही पुरावा म्हणून फिरतं. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानच्या शिंजो आबेंसाठीही तसाच दुखवटा पाळला. आपण जपानच्या लीजवर नाही. राणी जाण्याच्या सहा दिवस आधी, २ सप्टेंबरला, नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस जाऊन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी मुद्रा आली. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

बेळगावात त्या राणीचं काय झालं हेही सांगतो. ती गेल्याची बातमी ८ तारखेला रात्री आली आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकीत ढोल वाजत होते, कुठल्या मंडळाचा नंबर आधी यावरून वाद चालू होता. चार्ल्सचा राज्याभिषेक ६ मे २०२३ ला झाला, तेव्हा १० तारखेच्या विधानसभा मतदानाचा प्रचार ऐन भरात होता आणि गल्लोगल्ली एकच विषय होता, महाराष्ट्र एकीकरण समितीची मतं फुटणार की नाही. लंडनला आपल्याकडून उपराष्ट्रपती गेले होते, हे मलाही आत्ता हे लिहिताना शोधल्यावर कळलं.