पुढच्या साथीची तयारी आत्ताच करा

पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण आली की रात्री आठला टीव्ही लावायचा असतो एवढं आपण शिकलोय, म्हणून पहिला सल्ला हा की दूध, भाजी, गॅस सगळं पावणेआठच्या आत भरून ठेवत जा. 24 मार्च 2020 ला कोरोनाच्या लॉकडाऊनआधी चार तास दिले होते बघा. चार तासांत आमच्या सोसायटीचा पाण्याच्या टाकीचा विषयपण मिटत नाही.

कायदा वगैरे वाचत बसू नका. 1897 चा साथरोग कायदा, मूळचा चारच कलमांचा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला आणि त्याच्याच जोरावर रँडच्या काळात गोरे सोल्जर पुण्यात घराघरात शिरले, हे शाळेत पाठ केलंच आहे आपण. त्यातलं चौथं कलम मात्र शाळेत शिकवत नाहीत: सद्भावनेने जे काही केलं त्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. इंग्रज गेले, सद्भावना तेवढी आपण नीट पुसूनबिसून ठेवली.

आणि मुख्य म्हणजे, लस ऐच्छिक असते. हे रोज सकाळी तीनदा म्हणा. मी स्वतः दोन्ही डोस घेतले, प्रायव्हेटमध्ये 780 रुपये मोजून घेतले, लसीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उगाच कमेंटमध्ये चिप आणि चुंबक आणू नका. पण 15 ऑगस्ट 2021 पासून लोकलचा पास हवा तर दोन डोस आणि वर 14 दिवस. माझा पहिला डोस 28 जूनचा, मग 84 दिवस थांबा, मग अजून 14. त्याच वेळी भाच्याला कॅनडाला शिकायला जायचं होतं तर त्याला 28 दिवसांतच दुसरा मिळाला. तेव्हा सल्ला: शरीराला आधी पासपोर्ट दाखवत जा, अँटीबॉडी त्या हिशोबाने तयार होतात.

3 ऑक्टोबरला स्टेशनबाहेरच्या मांडवात गेलो. प्लास्टिकची खुर्ची, शाईचा पॅड, पालिकेचा एक दमलेला मुलगा. त्याने सर्टिफिकेट बघितलं, बोटांवर दिवस मोजले, परत मोजले.
"काका, तेराच होतायत. उद्या या."
"अरे, एका दिवसात काय होणार आहे?"
"मला नाय माहीत काका, मी इलेक्ट्रिकलचा आहे."
दुसऱ्या दिवशी गेलो, शिक्का मिळाला. एवढा गोल आणि स्पष्ट शिक्का माझ्या लग्नाच्या सर्टिफिकेटवरपण नाहीये.

जानेवारी 2022 मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलं की संमतीशिवाय कोणाला लस द्यायची असं आम्ही कधी म्हटलंच नाही आणि सर्टिफिकेट आम्ही कुठेच सक्तीचं केलेलं नाही. मग लोकलचे नियम राज्याचे, आणि राज्याने ते करताना ठरलेली पद्धत पाळली नाही असं हायकोर्ट म्हणालं. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की लसीची जबरदस्ती कोणावर करता येत नाही. तोपर्यंत माझे सात पास काढून झाले होते.

याचा खरा फायदा नोव्हेंबर 2022 मध्ये कळला. लसीनंतर दोन मुली गेल्या म्हणून त्यांचे आईबाप कोर्टात गेले होते, तेव्हा केंद्राचं उत्तर आलं की आम्ही जबाबदार नाही, भरपाई पाहिजे तर सिव्हिल कोर्टात जा, लस घेणं तर ऐच्छिक होतं. बघा, शब्द किती सोयीचा आहे. गेटवर नसतो, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये असतो. आता परत लोक सरकारवर विश्वास का ठेवत नाहीत यावर कुठेतरी चर्चासत्र होईल आणि सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल, तिथे जाऊन टाळ्या वाजवा, थाळीची प्रॅक्टिस आहेच.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवा. आमच्या आईने केलंय, पंतप्रधानांचा फोटो वरच्या बाजूला येईल असं, रेशनकार्डाच्या पिशवीत. ती लोकलने जात नाही, पण म्हणते राहू दे, मागतील कधीतरी.